मागच्या चाकाचे स्पोक तुटतायत, शनिवारी कोकण राईड. मदत हवी आहे

वाटचाल | सोमवार, रात्री ९.४०
शनिवारी पहाटे पुण्याहून निघतोय. ताम्हिणी उतरून दिवेआगर आणि तिथून किनाऱ्याने गोवा. पाच दिवस, चौघं जण. माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक (तारा) तुटतायत. एक बदलला की थोड्याच दिवसांत दुसरा जातो. दुकानात म्हणतात नवीन चाकच घ्या. खरंच गरज आहे का? आणि वाटेत तुटला तर काय करायचं? जाणकारांनी जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे.

सरळ_रिम | रात्री १०.०५
ताई, एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. कोणत्या बाजूचे तुटतात, चेनच्या की दुसऱ्या? कुठे तुटतात, हबपाशी (चाकाच्या मध्यभागी) वाकलेल्या कोपरात, मधेच, की निपलच्या, म्हणजे रिमकडच्या छोट्या नटाच्या, आट्यांवर? एकूण स्पोक ३२ की ३६? मागची दातेरी चक्रं कॅसेटची, म्हणजे हबवर सरकवून बसवलेली, की फ्रीव्हीलची, म्हणजे आट्यांवर घट्ट केलेली? सामान किती आणि कुठे बांधणार?

टेकडीपार | रात्री १०.२०
स्पोकचं नंतर बघू, टायर कोणता आहे? २८ मिमी रुंदीचा असेल तर सगळं दुखणं तिथेच आहे. ३५ किंवा ३८ चा टाका, मागे ६० पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. कडक टायरवर खड्ड्याचा दणका थेट रिमवर जातो.

वाटचाल | रात्री १०.३२
हायब्रिड आहे, ७०० चं चाक, टायर ३५ चाच. दोन्ही पॅनियर (बाजूच्या पिशव्या) मागे कॅरियरवर. बाकी साधी सायकल आहे हो, विशेष काही नाही. चाक घ्यायचं की नाही एवढंच सांगा ना.

सरळ_रिम | रात्री १०.४१
तेच सांगायला विचारतोय. बाजू आणि तुटण्याची जागा कळली तर निम्मं उत्तर मिळालं. तुटलेले तुकडे फेकले नसतील तर बघून लिहा.

लिंबूसरबत | रात्री ११.१५
डिसेंबरातही कोकणात दुपारी घाम भरपूर जातो, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागायची वाट बघू नका. आणि पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालू नये, शिवणीने मांडी सोलवटते.

दमसास | मंगळवार, सकाळी ६.५०
दुकानदार बरोबर सांगतोय. नवीन चाक घ्या, ३६ स्पोकचं, विषय संपला. राईडच्या तोंडावर जुन्या चाकावर मेहनत कशाला?

सरळ_रिम | सकाळी ७.१०
दमसास, विषय तिथे संपत नाही. तयार मिळणारं स्वस्त चाक मशीनवर बांधलेलं असतं आणि बहुतेकदा ढिलं असतं. ते हाताने ताणून घेतलं नाही तर सामानासकट त्याचीही तीच गत होणार, फक्त थोड्या उशिराने. नवीन चाक आणून थेट घाटात उतरणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

वाटचाल | सकाळी ८.०२
बघितलं. तुटलेले तीनही उजवीकडचे, चेनच्या बाजूचे. तिन्ही कोपरात. ३२ स्पोक, ८ स्पीड कॅसेट. पॅनियर दोन्ही मिळून १४ किलो. डिस्क ब्रेक आहेत.

सरळ_रिम | सकाळी ८.३०
आता बोलता येईल.

कॅसेटला जागा हवी म्हणून हबची उजवी कडा चाकाच्या मध्याकडे सरकलेली असते. त्यामुळे उजवे स्पोक जास्त उभे बसतात आणि त्यांच्यावर ताण डाव्यांपेक्षा बराच जास्त लागतो. चाक फिरताना जमिनीकडचे स्पोक क्षणभर सैल होतात आणि पुन्हा ताणले जातात, प्रत्येक फेऱ्याला एकदा. चाक मुळात ढिलं किंवा कमीजास्त ताणाचं असेल तर कोपरातली तार दर वेळी किंचित हलते, थकते आणि तुटते. जास्त ताणल्यामुळे तुटतात हा समज चुकीचा आहे. म्हणूनच एकेक बदलून उपयोग नाही. उरलेल्या तेरा उजव्या स्पोकनीही तेवढेच फेरे खाल्लेत. एकामागून एक तीन गेले म्हणजे बाकीचे रांगेत आहेत.

रिम चांगली असेल, म्हणजे निपलच्या भोकांभोवती बारीक चिरा नसतील आणि हबची कडा तडकलेली नसेल, तर चाक घेऊ नका. उजवे सोळाच्या सोळा स्पोक नवीन घाला. स्टेनलेसचे, २ मिमी जाडीचे, निपलही नवीन पितळी. डावे राहिले तरी चालतील, पण सगळ्यांचा ताण नव्याने लावून घ्या.

त्याआधी एक गोष्ट तपासा. कॅसेट काढल्यावर उजव्या स्पोकवर कोपराजवळ ओरखडे दिसतात का? दिसले तर चेन कधीतरी सगळ्यात मोठ्या चक्राच्या मागे पडलेली आहे. मग मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, ‘एल’ खुणेचा स्क्रू आणि डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर सरळ आहे का, हे बघून घ्या. नाहीतर नवीन स्पोकही तसेच कापले जातील.

दमसास | सकाळी ९.०५
हे सगळं शुक्रवारपर्यंत करून देणारा मेकॅनिक मिळायला हवा. शिवाय ३२ वर १४ किलो आणि माणूस, मला तरी पटत नाही.

सरळ_रिम | सकाळी ९.२०
नीट बांधलेलं ३२ चं चाक हे आरामात पेलतं. पण १४ किलो एकट्या मागच्या चाकावर नको, हे मान्य. चौघं आहेत, पंप, अवजारं, कुलूप वाटून घ्या. जड आणि लहान वस्तू हँडलबारच्या पिशवीत तीनेक किलोपर्यंत टाका. मागे दहाच्या आत आणा.

सडा_आणि_खाडी | सकाळी ११.३०
चाकाइतकाच मार्गाचाही विचार करा. पाच दिवसांत पुणे ते गोवा किनाऱ्याने, हे फार ताणलेलं आहे. पुणे-दिवेआगरच दीडशेच्या वर. पुढे प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरायचं आणि परत सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढायचं. ८० किलोमीटरला हजार मीटरच्या आसपास चढ सहज होतो. सपाट किनारा समजून निघाल तर दापोलीपर्यंतच दमछाक होईल.

तरींचं (फेरीबोटींचं) गणित वेगळं. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला ते वेशवी, दापोलीखाली दाभोळ ते धोपावे, गुहागरच्या पुढे तवसाळ ते जयगड. सायकल चढवता येते, पण शेवटची फेरी चुकली तर रात्र जेट्टीवर. वेळा आदल्या मुक्कामी विचारून घ्या, नेटवरच्या यादीवर विसंबू नका. दाभोळला फेरी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. जयगडची चुकली तर आबलोलीवरून भातगावचा पूल आहे, तो त्यातल्या त्यात बरा.

माझं मत, रत्नागिरीला थांबा. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा तुकडा अख्ख्या मार्गातला सगळ्यात देखणा आहे. तो संध्याकाळी घाईत संपवू नका.

महामार्गी | दुपारी १२.१०
पाच दिवसच असतील तर माणगावहून सरळ मुंबई-गोवा महामार्ग धरा. फेरीबोटी नकोत, वळसे नकोत, दुकानं भरपूर.

सडा_आणि_खाडी | दुपारी १२.२५
मग राईड कशासाठी? महामार्गालाही भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच, वर ट्रक आणि धूळ. केळशी, आंजर्ले, हर्णै, वेळणेश्वर, हेदवी, सगळं गाळून गोवा गाठण्यात काय मिळणार? चौघांना शेजारी चालवत गप्पा मारता येतील असा रस्ता त्या बाजूला आहे, महामार्गावर नाही.

महामार्गी | दुपारी १२.४०
सौंदर्य मान्य. पण स्पोक तुटला तर केळशीत कॅसेट खोलणारा कोण भेटणार? महामार्गावर निदान गाडीत टाकून चिपळूण गाठता येतं.

सरळ_रिम | दुपारी १.१५
हा मुद्दा रास्त आहे, ताईंचा दुसरा प्रश्नही तोच होता.

उजवा स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते. कॅसेटची लॉकरिंग उघडायची किल्ली आणि चक्र धरून ठेवणारा चेनव्हिप दोन्ही लागतात, आणि गावातल्या दुकानात ते नसतं. तिथे काळ्या सायकलींचे स्पोक मिळतात, लांबी जुळत नाही. म्हणून बरोबर ठेवायचं ते असं: नेमक्या मापाचे उजवे तीन, डावे दोन, चार निपल, स्पोक की (निपल फिरवायची किल्ली), आणि केव्हलारच्या दोरीचा एक आपत्कालीन स्पोक. तो कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येतो. धातूचे स्पोक चेनस्टेला (फ्रेमच्या चेनजवळच्या आडव्या दांड्याला) टेपने बांधा, पॅनियरमध्ये वाकतात.

तुटला की लगेच थांबा. तुकडा काढा, किंवा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, नाहीतर तो डिरेलरमध्ये अडकून डिरेलरच चाकात ओढेल. उजवा तुटला तर रिम डावीकडे ओढली जाते. तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे डावे स्पोक अर्धा अर्धा फेरा सैल करा, थरथर बरीच कमी होते. निपल टायरच्या बाजूने बघून घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर घट्ट, उलट फिरवलं तर सैल. तुमचे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी ब्रेक घासणार नाही, फक्त टायर फ्रेमला लागत नाही ना ते बघा. रिम ब्रेकवाल्यांनी आधी ब्रेकची पकड उघडावी. उरलेला पल्ला उतारावर वेग न घेता, सामान मित्रांकडे देऊन.

वाटचाल | बुधवार, संध्याकाळी ७.३०
मेकॅनिक मिळाला. सोळा बदलायला तयार आहे. ओरखडे नाहीत, रिमला चिरा नाहीत. पण माझा जुना उजवा स्पोक २८८ मिमी आहे आणि त्याच्याकडे २९० आहेत, म्हणतो चालतील. घालू का?

टेकडीपार | संध्याकाळी ७.४५
२ मिमीने काय होतंय, घालून टाका.

सरळ_रिम | संध्याकाळी ८.००
थांबा. मोजला कसा? कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायचं, डोकं धरायचं नाही. डोक्यासकट मोजून २८८ आला असेल तर खरं माप आणखी कमी आहे. आणि तो नक्की उजवाच ना? डावा साधारण २ मिमी लांब असतो, तुमच्या मेकॅनिककडे डाव्याचं माप असण्याचीच शक्यता जास्त.

१ मिमीचा फरक खपतो. २ मिमी लांब घातला तर ताण पूर्ण येण्याआधीच आटे संपू शकतात, निपल पुढे फिरत नाही आणि चाक पुन्हा ढिलंच राहतं. टोक निपलच्या वर आलं तर रिमटेप फाडून ट्यूबही भोसकतं. २८८ किंवा २८७ मागवून घ्या, गुरुवारी मिळाले तरी वेळ आहे.

बांधून झाल्यावर दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. समांतर जाणारे स्पोक दोन दोन हातात धरून पूर्ण चाकभर जोरात आवळायला सांगा. कोपर हबच्या कडेला नीट बसतात, मग चाक पुन्हा सरळ करायचं. दुसरं, उजवे स्पोक बोटाने छेडून बघा. सोळांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे. मग पॅनियर लावून शुक्रवारी सकाळी सिंहगडच्या बाजूला तीसेक किलोमीटर चालवून आणा आणि परत तपासून घ्या.

वाटचाल | संध्याकाळी ८.२०
डोक्यासकट मोजला होता. कोपरापासून २८६ भरला. २८६ मागवतोय, उद्या दुपारी येतील. सडा_आणि_खाडी, रत्नागिरीला थांबायचं सगळ्यांना पटलंय. पण तिथून चार सायकली परत कशा आणायच्या?

सडा_आणि_खाडी | संध्याकाळी ८.५५
रेल्वे. तिकीट काढून सायकली ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक करायच्या. रत्नागिरीत गाडी पुरेशी थांबते, लहान स्टेशनवर दोन मिनिटांत चार सायकली चढत नाहीत. पार्सल ऑफिसात गाडीच्या दोन तास आधी पोचा. हँडल वळवून फ्रेमला बांधा, पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने सुटतं. प्रत्येक सायकलीवर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन जाड कार्डावर लिहून दोन ठिकाणी बांधा. पनवेलला उतरणार असाल तर एकाने आधीच ब्रेकव्हॅनच्या डब्याकडे जाऊन उभं राहायचं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आणणार असाल तर डिरेलरची बाजू वर ठेवा. पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या दोन टोकांत आणि डिस्कच्या पॅडमध्ये काहीतरी घट्ट अडकवा. हायड्रॉलिक ब्रेक असतील आणि चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात. ताई, तुमचे डिस्क केबलचे आहेत की तेलाचे?