पेशंटला विचारायचंच नाही का?

कृष्णाकाठ (सांगली): काल इथे एकांनी लिहिलं, "शेवटच्या स्टेजच्या माणसाला आजार सांगू नका, हाय खातो. काय ते घरच्यांनी ठरवावं." वाचून संताप झाला. अण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. मिरजेत रिपोर्ट आला आणि थोरल्या चुलत्यांनी सगळ्यांना दम भरला, अण्णांसमोर अवाक्षर नको. कावीळ आहे म्हणून सांगितलं. शेवट आयसीयूत झाला, तोंडात नळी, हात कॉटला बांधलेले. आत्याशी तुटलेलं बोलणं तसंच राहिलं. माणूस शुद्धीत आहे तोवर विचारा: घरी राहायचंय का, व्हेंटिलेटर हवा का, कुणाला भेटायचंय.

माणदेशी: आमच्या आईला डॉक्टरनं गर्दीत, दार उघडं ठेवून सांगितलं. त्या दिवसापासनं तिनं ताट सारलं. आता बोला.

कृष्णाकाठ: मग राग सांगायच्या पद्धतीवर काढा. सांगण्यावर कशाला?

वाईची ताई: मी आयसीयूत नर्स आहे. घोळ घालतात ते पुण्या-मुंबईचे. वर्षभर हगणं-मुतणं काढलेली सून म्हणते, आता हाल नकोत. शेवटच्या रात्री मुलगा गाडी काढून येतो आणि म्हणतो, सगळं करा, पैशाचं बघू नका.

पुणेस्थित: ताई, तो मुलगा मीच. नोकरी सोडली असती तर बिलं कुणी भरली असती? फोनवर मला "बरे आहेत" एवढंच सांगायचे!

वाईची ताई: म्हणजे तुमच्यापासूनही लपवलंच की.

माणदेशी: राबायला सून आणि सहीला मुलगा, हे मात्र आमच्यातही झालं.

साताऱ्याचा वकील: जरा कायद्याचं ऐका. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवताना डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतंच. पण कागद ज्याचा त्यानंच, शुद्धीत करायचा. आजारच माहीत नाही तो काय लिहिणार?

माणदेशी: कागद ठेवा तिकडं. आई कळांनी रात्र रात्र ओरडायची. मॉर्फिनसाठी किती हिंडलो! ते गावात का मिळत नाही?

वाईची ताई: मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. २०१४ ला तो सैल केला, तरी मॉर्फिन मान्यता घेतलेल्या दवाखान्यातच मिळतं. आणि ती मान्यता घ्यायला बरेच पुढे येत नाहीत.

माणदेशी: मग आधी त्यावर बोला. कळा सोसणाऱ्याला इच्छा विचारली तर तो मरणच मागंल. दुखणं थांबवा, मग खुशाल विचारा.

कृष्णाकाठ: दुखणं आधी, मान्य. पण विचारायचंच. आईला मी विचारलंय. तिला घरीच राहायचंय, आणि हे चुलत्यांच्या तोंडावर सांगून ठेवलंय.