घरगुती सीएनसीचा कंट्रोलर: ‘अर्डुइनो म्हणजे खेळणं’ याला माझं उत्तर

भुसा_उडवणारा
घरी बनवलेलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारं मशीन, अर्डुइनो या छोट्या स्वस्त बोर्डावर चालवण्याबद्दल परवा इथे एकाने लिहिलं, “अर्डुइनोवर सीएनसी म्हणजे खेळणं. भारी मोशन कार्ड (मोटारी चालवणारं तयार कार्ड) परवडत नसेल तर हौस सोडा.” त्याखाली एका मुलाने “मग राहू दे” म्हणत जमवलेल्या मोटारी विकायला काढल्या. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

हिशोब करा. उनो या अर्डुइनो बोर्डावर जीआरबीएल (सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर, आवृत्ती १.१) सेकंदाला ३०,००० पल्स देतं, एका पल्सला मोटर एक पाऊल सरकते. फेरीला २०० स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप), फेरीला ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू, म्हणजे मिलिमीटरला ६४० पल्स. वेग झाला सेकंदाला ४७ मिमी, मिनिटाला २,८०० च्या आसपास. मायक्रोस्टेप ८ वर आणलं की दुप्पट. लाकडात माझं फीड (कापतानाचा वेग) मिनिटाला १,२०० मिमीच्या वर जात नाही. मग चिप अडवतेय कुठे?

अडवतो ड्रायव्हर, मोटरला करंट देणारा भाग. उनोवर बसणाऱ्या शील्ड बोर्डावरचा तो नखाएवढा ए४९८८ कागदावर २ अँपिअरचा, पण पंख्याशिवाय १ अँपिअरच्या पुढे बोट ठेववत नाही. त्यावर २.८ अँपिअरची नेमा २३ (मोठ्या मापाची मोटर) लावायची आणि स्टेप चुकल्या की बोर्डाला शिव्या द्यायच्या! शील्डचे सॉकेट रिकामे ठेवा, स्टेप-डायरेक्शनच्या वायरी बाहेर काढा आणि डीएम५४२ सारख्या मोठ्या, स्वतंत्र ड्रायव्हरला द्या. सप्लाय २४ ऐवजी ३६ व्होल्ट घ्या, वेगात टॉर्क टिकतो. पैसा तिथे घाला.

लेथवाला
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. तुमचा हिशोब सरळ रेषेचा आहे. कोरीवकाम करून बघा. कॅमची (कटरचा मार्ग काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल ०.१ मिमीच्या तुकड्यांची असते. जीआरबीएल पुढचे फक्त १६ तुकडे बघतं, म्हणजे जेमतेम दीड मिमी. तेवढ्यात थांबता आलं पाहिजे असं धरूनच ते वेग ठरवतं. अॅक्सिलरेशन १०० मिमी/सेकंद² ठेवलं तर मिनिटाला १,००० मिमीच्या पुढे मशीन सरकतच नाही, फीड काहीही टाका. एका देवघराच्या पॅनेलला मला ११ तास लागले. नव्या कार्डावर तीच फाइल ५ तासांत झाली.

भुसा_उडवणारा
बफरचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य. पण त्या मुलाला नावाच्या पाट्या कापायच्या आहेत, देवघरं नाही.

भंगारातला_पीसी
दोघेही एक गोष्ट विसरताय. पॅरलल पोर्टचा (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटचा) जुना डेस्कटॉप कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतोच. लिनक्ससीएनसी हे पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेत ईएमसी नावाने सुरू झालेलं हे काम, आजचं नाव २०११ पासूनचं. त्या पोर्टवर १२ आउटपुट, ५ इनपुट मिळतात आणि पुढचं बघायला पीसीची अख्खी मेमरी. आधी लेटन्सी टेस्ट (पीसी वेळेवर प्रतिसाद देतो का ते बघणारी) तासभर चालवा, सोबत व्हिडिओ लावा, फाइली कॉपी करा. जिटर, म्हणजे वेळेतली चूक, २०,००० नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर जिंकलात. बायोसमधले पॉवर सेव्हिंगचे पर्याय बंद करा. लॅपटॉप नको. यूएसबीचा पॅरलल कन्व्हर्टर तर अजिबात नको, त्यावर चालतच नाही.

सोल्डरचा_धूर
माझं सांगतो. उनो होता, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) सुरू केला की मध्येच हार्ड लिमिटचा अलार्म, म्हणजे मशीन टोकाच्या लिमिट स्विचला लागल्याचा. दुसरा उनो आणला, तेच. मग ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेऊन फ्लुइडएनसी (जीआरबीएलसारखंच सॉफ्टवेअर) टाकलं, तरी तेच, उलट जास्त. आता कार्डच घ्यावं म्हणतोय.

भुसा_उडवणारा
थांबा! रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय हे. लिमिट स्विच ईएसपीच्या कोणत्या पिनांना दिलेत? ३४ ते ३९ असतील तर त्यांना आतला पुलअप (लाइन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) नाहीच, बाहेरून रेझिस्टर लावावा लागतो. आणि स्विच एनओ (दाबल्यावर जुळणारे) आहेत की एनसी (दाबल्यावर तुटणारे)?

सोल्डरचा_धूर
३४, ३५, ३६. एनओ. 🙏

भंगारातला_पीसी
मिळालं उत्तर. उनोतही आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे दुबळाच. एनओमध्ये दोन मीटरची वायर त्याच्या जोरावर लोंबकळते, तीच अँटेना होते. एनसी लावा, लाइन सतत ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते. वायर तुटली तरी लगेच कळतं. जीआरबीएलमध्ये $५=१ करा, म्हणजे स्विचचा सिग्नल उलटा धरला जातो. आणि शील्ड केबल (वायरींभोवती धातूची जाळी असलेली) घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

लेथवाला
एकाच टोकाला? व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर दोन्ही टोकांना. २० वर्षं पॅनेल बांधतोय मी. अर्धवट सल्ल्यांनी लोकांची मशीनं बिघडतात.

भंगारातला_पीसी
दोन्ही टोकं जोडली की ग्राउंड लूप होतो (अर्थच्या वाटेचं वेटोळं, त्यातून नको तो करंट फिरतो), हे शिकाऊ पोराला कळतं. वर्षं मोजून काय होतंय?

लेथवाला
भाषा सांभाळा. व्हीएफडीतून निघणारा नॉइज हाय फ्रिक्वेन्सीचा असतो. एका टोकाने तो जमिनीत जात नाही. तुम्ही कधी पॅनेल उघडून बघितलंय?

भुसा_उडवणारा
भांडण दोन वेगळ्या केबलींचं चाललंय. व्हीएफडी ते स्पिंडल ही पॉवर केबल, तिची शील्ड दोन्हीकडे. स्विचची सिग्नल केबल, तिची कंट्रोलरच्या बाजूला एकीकडे. दोन्ही एकाच ड्रॅग चेनमधून (वायरी नेणाऱ्या साखळीतून) नेऊ नका.

लेथवाला
मी पॉवर केबलबद्दलच बोलत होतो.

भंगारातला_पीसी
मग तसं लिहायचं होतं. बरं, पॉवर केबलपुरतं तुमचं खरं.

लेथवाला
आता एक, ज्यावर तडजोड नाही. माझ्या पहिल्या मशीनला मी लाल बटण जीआरबीएलच्या रिसेट पिनला जोडलं होतं. क्लॅम्प सुटला, बटण दाबलं, मोटारी थांबल्या. स्पिंडल वेगळ्या स्विचवर, तो फिरतच राहिला. कटर एकाच जागी घासत होता, सागाच्या फळीतून धूर निघायला लागला, आणि स्विच होता मशीनच्या पलीकडे. हात वरून न्यावा लागला. बोर्ड कोणताही घ्या, ते बटण काँटॅक्टरला (अख्खा सप्लाय तोडणाऱ्या मोठ्या रिलेला) लावा, ड्रायव्हर आणि स्पिंडल दोन्हींचा सप्लाय तुटला पाहिजे. “खेळणं” म्हणालो ते या रागातून.

भुसा_उडवणारा
हे परवाच लिहिलं असतंत तर मी एक ओळही लिहिली नसती. पूर्ण सहमत.

नवशिका_राउटर
दादा, मोटारी माझ्याच. अजून विकल्या नाहीत. उनो घरात आहे. काँटॅक्टरला किती जागा सोडू?

लेथवाला
पाट्या कापायला उनो चालेल. ड्रायव्हर मात्र बाहेरचे घे. पॅनेल आहे त्याच्या दीडपट मोठं घे, वायरिंगला नेहमी जागा कमी पडते. वायर जोडायच्या आधी फोटो टाक, मी बघतो.

सोल्डरचा_धूर
एनसी केले, १० किलोओहमचे रेझिस्टर लावले, केबली वेगळ्या केल्या. स्पिंडल मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर ठेवून तासभर हवेतच जॉब फिरवला. अलार्म एकदाही नाही. जुना उनो परत लावून बघतोय.