रिहॅब सेंटरमध्ये रात्री आईचे हात बांधले. तुम्हाला हे पटतं का?

पंचवटीची लेक
आई ७८ वर्षांची. मोरीत घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन करून बॉल बदलला. आमचं घर काळाराम मंदिराजवळच्या जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, संडास खाली. म्हणून महिनाभरासाठी तिला गंगापूर रोडकडच्या एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं. नाव लिहीत नाही, कारण मला प्रश्न एका सेंटरपुरता विचारायचा नाही.

दिवसा तक्रारीला जागा नाही. फिजिओ दोनदा येतात, आई वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकते. चौथ्या दिवशी मी न सांगता सकाळी सहाला गेले. आईची दोन्ही मनगटं गॉझपट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेली होती. डायपर गच्च ओला. मला बघून म्हणाली, "मी काय केलं गं?"

विचारल्यावर उत्तर मिळालं, "आजी रात्री उठतात. पडल्या तर तुम्ही आम्हालाच धराल." २२ पेशंटला रात्री एक सिस्टर आणि एक मावशी.

आई पन्नास वर्षं काकडआरतीला उठत आली आहे. पहाटे चारला तिला जाग येणारच आणि आधी लघवीला जावं लागणारच. बेल भिंतीवर, तिचा हात पोचत नाही तिथे. मग ती उठणार नाही तर काय करणार? भरती करताना आजार विचारले, औषधं विचारली, पण ती किती वाजता उठते हे कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माझं मत असं की माणसं कमी पडतात म्हणून पेशंटला बांधणं याला सुरक्षा म्हणू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ मध्ये मनोरुग्णांच्या संस्थांना हेच बजावलं आहे: केवळ कर्मचारी अपुरे म्हणून कुणाला बांधता येणार नाही, बांधलंच तर कारण नोंदवायचं आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. तो कायदा रिहॅब सेंटरसाठी नाही, ठाऊक आहे. पण खुब्याच्या पेशंटचं मनगट काही वेगळं असतं का?

नाईट ड्युटी
ताई, तुमचा राग रास्त आहे, पण दुसरी बाजूही ऐका. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर आहे, ११ वर्षं रात्रपाळ्या केल्या. एका वेळी तीन जण उठतात. एकाला उलटी, एकाची कॅथेटर पिशवी भरलेली, तिसरा नाकातली जेवणाची नळी ओढतोय. नळी अर्धवट निघाली आणि फीड, म्हणजे नळीतून दिलेलं पातळ अन्न, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि पेशंट जाऊ शकतो. अशा वेळी मी हात बांधले आहेत आणि तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. बांधायची हौस कुणालाच नसते. नातेवाईक सगळ्यात स्वस्त सेंटर शोधतात आणि तिथेच रात्री चार सिस्टर हव्यात म्हणतात. हे कसं जमायचं?

सिडकोकर
मी सिस्टरच्या बाजूने. वडिलांचं हेच ऑपरेशन झालं होतं. आम्ही घरी ठेवलं, पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस लावला. रात्री त्याला डुलकी लागली, वडील उठले आणि पडले. बॉलच्या खालचं हाड मोडलं, पुन्हा ऑपरेशन. त्यानंतर ते उभे राहिलेच नाहीत. त्या रात्री कुणी त्यांचे हात बांधले असते तर मी पाया पडलो असतो. तुमची आई दहा पावलं चालते आहे, ताई. आधी तेवढं सांभाळा.

जुनं नाशिक
आईला परक्यांच्या हाती दिलीच कशाला? आमच्याकडे आजी घरीच बरी झाली.

पंचवटीची लेक
जुनं नाशिक, सोळा पायऱ्या उतरून संडासला नेणं तुम्हाला जमत असेल तर या, मी आजच तिला घरी आणते.

सिडकोकर दादा, वाचून पोटात कालवलं. पण तुमच्याकडे तो माणूस झोपला म्हणून वडील पडले. इथे जागं राहणारं माणूस ठेवायचं नाही म्हणून आईला बांधलं. म्हणजे दोन्हीकडे कमी पडलं ते जागं माणूसच.

फिजिओ, नाशिकरोड
सिस्टर, नळीची गोष्ट मान्य. तिथे थोडा वेळ, डॉक्टरांच्या लेखी सांगण्यावरून आणि दर थोड्या वेळाने मनगट तपासून, हे समजू शकतो. पण रोज रात्रभर नको. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसाला अचानक भ्रम होणं नेहमीचं आहे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी, सोडियम कमी, दुखणं, झोपेची गोळी, यातलं काय आहे ते आधी शोधायचं. चष्मा आणि कानाचं मशीन उशाशी हवं. बांधल्यावर भ्रम वाढतो, माणूस सुटायला धडपडतो. दांडी वर केली की काही जण तिच्यावरून चढतात आणि जास्त उंचावरून पडतात. शिवाय कूस बदलत नाही म्हणून माकडहाडावर आणि टाचेवर जखम सुरू होते. मी दिवसा अर्धा तास चालवायचं आणि रात्री दहा तास खिळवायचं, मग माझा व्यायाम वाया जातो.

पलंग खाली करा, दिवा मंद ठेवा, बेल हातात द्या, ठरलेल्या वेळी स्वतःहून बाथरूमला न्या. रात्री पडणारे बरेचसे बाथरूमसाठीच उठलेले असतात.

नाईट ड्युटी
हे सगळं मला येतं, सर. फक्त २२ पेशंटमागे एकटीला येत नाही.

पंचवटीची लेक
सिस्टर, मग आपण भांडतोय कशाला? तुम्ही म्हणता माणसं द्या, मीही तेच म्हणते. दर वाढवायचा तर वाढवा, पण रात्री किती सिस्टर असतात ते दारावर लिहा. लोकांना एसी दिसतो, बाग दिसते, रात्रीचा आकडा कुठेच दिसत नाही.

विमावाला
दर वाढवा म्हणणं सोपं आहे. विश्रांती आणि पुनर्वसनासाठीची भरती आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अपवादांत येते. बहुतेकांना हा खर्च खिशातूनच करावा लागतो. म्हणून तर स्वस्त सेंटर भरतात.

सिडकोकर
ताई, तरीही विचारतो. आज रात्री काय करणार?

पंचवटीची लेक
सेंटरशी बोलले. रात्री नातेवाईक नको असा त्यांचा नियम आहे. मी म्हटलं, मग बांधण्याचं कारण रोज लिहून, डॉक्टरांच्या सहीने द्या. थोड्या वेळाने फोन आला की रात्री आईजवळ थांबा. आज मी, उद्या भाऊ पुण्याहून येतोय. महिनाभर जमेल का, माहीत नाही.

नाईट ड्युटी
ताई, एक काम करा. जाडसर पेनने लिहा, "पहाटे चारला उठतात, आधी बाथरूम", आणि फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा. मावशीलाही तोंडी सांगा, तिला फाईल दाखवत नाहीत. साडेतीनला नेऊन आणलं की चारला आजी शांत बसतात. मी माझ्या वॉर्डात एका बाबांचं असंच केलं होतं, त्यांना पहाटे गाईचं दूध काढायला जायचं असायचं.