मदत हवी आहे: डीस्पेसमधली नावं सुधारायची आहेत, सुरुवात कुठून करू?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. पद नव्यानेच निर्माण झालंय, त्यामुळे काम समजावून द्यायला आधीचं कुणी नाही. जबाबदारी मुख्यतः डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवरच्या प्रबंधसंग्रहाची.

तालिकीकरण येतं, मार्क (ग्रंथनोंदींचा संगणकीय साचा) हाताखालचं आहे. डब्लिन कोअर या डिजिटल साहित्याच्या वर्णनपद्धतीचे मूळ 15 घटकही समजले. अडतंय ते पुढे. एकाच मार्गदर्शकाचं नाव कुठे आडनावापासून, कुठे नुसत्या आद्याक्षरांनी, कुठे 'डॉ.' लावून नोंदलंय. शोधलं की ही वेगवेगळी माणसं दिसतात, आणि विद्यार्थ्याला त्यांच्या हाताखालचे सगळे प्रबंध एकत्र मिळतच नाहीत. हे मला फार खटकतं.

मेटाडेटा (प्रबंधांच्या नोंदींची माहिती) सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरवून ओपनरिफाइन या माहिती साफ करायच्या साधनात क्लस्टरिंग केलं, म्हणजे सारख्या नावांचे गट पाडले. नावं बऱ्यापैकी जुळली. पण दुरुस्त फाइल थेट चालू संग्रहात चढवायची मनाची तयारी होत नाही. आयात करण्याआधी डीस्पेस बदल दाखवतं, हे माहीत आहे. मात्र एवढ्या ओळी नजरेखालून घालणं एकटीला शक्य नाही. चाचणीचा सर्व्हर नाही, मूळ सर्व्हर आयटी विभागाच्या ताब्यात. लायब्ररी कार्पेंट्रीचे (ग्रंथपालांसाठीच्या संगणक-कौशल्यांचे) धडे केलेत. पायथन येत नाही, शिकेन. सशुल्क कोर्ससाठी तरतूद नाही.

ज्यांनी असा संग्रह एकहाती सांभाळलाय त्यांना विचारते: आधी छोट्या तुकड्यांत नावं सुधारावीत, की थेट ऑर्किड (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जोडायला घ्यावं? आणि आयटीकडे चाचणीची प्रत मागताना नेमकं काय काय मागायचं?