सिरोसिस: पोटातलं पाणी काढलं तरी पुन्हा भरतंय, पुढे काय करावं?

निवडुंग:
वडील, वय 61, दारूमुळे सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं). दारू आता पूर्ण बंद. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन 100 आणि फ्युरोसेमाइड 40 मिग्रॅ, रोज सकाळी. तरी दर तीन आठवड्यांनी टॅपिंग (सुईने पोटातलं पाणी काढणं) करावं लागतं, 6-7 लिटर निघतं. सोडियम 129, पोटॅशियम 4.7, क्रिएटिनिन 1.1, बिलिरुबिन 2.4, अल्ब्युमिन 2.6. बीपीची टेल्मिसार्टन 40 जुनीच चालू आहे. गोळ्या वाढवता येतात का? पाणी पिणं कमी करायचं का? पोटात कायमची नळी बसवून घ्यावी का?

औदुंबर:
100/40 ही सुरुवातीची मात्रा. एवढ्यावर पाणी उतरलं नाही म्हणून जलोदर (पोटात साठलेलं पाणी) औषधाला दाद देत नाही असं म्हणत नाहीत. त्याच प्रमाणात टप्प्याटप्प्याने 400/160 पर्यंत नेतात, मीठ कमी ठेवून आठवडाभर तरी पाहतात, आणि तरीही 4 दिवसांत 800 ग्रॅमही वजन उतरलं नाही तर मग तो शब्द वापरतात. सोडियम 125 च्या खाली, क्रिएटिनिन 2 च्या वर, पोटॅशियम 6 च्या वर गेलं किंवा गुंगी-बडबड सुरू झाली तर गोळ्या थांबतात; म्हणजे मात्रा पेलवलीच नाही, तरी निष्कर्ष तोच. तुमच्या आकड्यांत वाढवायला थोडी जागा दिसते, पण सोडियम 129 असताना दर काही दिवसांनी रक्त तपासूनच. घरी स्वतःहून गोळी वाढवू नका.

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाआधी. पायावर सूज असेल तर दिवसाला 1 किलोपर्यंत उतरलेलं चालतं. सूज गेल्यावर अर्धा किलो पुरे. त्याहून वेगाने उतरलं की किडनी कोरडी पडते.

टेल्मिसार्टनबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. सिरोसिसमध्ये आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, किडनीला रक्त कमी पोचल्यासारखं वाटतं आणि ती मीठ धरून ठेवते. अशा वेळी बीपी टिकवणाऱ्या यंत्रणेलाच ही गोळी अडवते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांनीही किडनीला रक्त कमी पोचतं, म्हणून त्याही वर्ज्य. गुडघेदुखीसाठी मेडिकलवाला देतो त्या पट्टीवरची नावं वाचा. पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत सहसा चालते.

लघवीची स्पॉट (एकाच नमुन्यावरची) सोडियम-पोटॅशियम तपासणी करून आकडे इथे टाका. स्वस्त आहे, आणि फारसं कुणी करत नाही.

निवडुंग:
टेल्मिसार्टन डॉक्टरांनी बंद केली. लघवीत सोडियम 74, पोटॅशियम 29.

औदुंबर:
गुणोत्तर अडीच. 1 च्या वर असेल तर गोळी मीठ बाहेर टाकतेय. तरी वजन हलत नसेल तर तेवढंच मीठ तोंडावाटे आत जातंय. आता स्वयंपाकघर तपासा.

रानजाई:
दिवसाला 2 ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. यात दूध, ब्रेड, भाज्यांतलं सोडियमही आलं, म्हणून वरून घालायला त्याहून कमीच उरतं. त्यांचा वाटा सकाळीच मोजून वेगळ्या डबीत काढा. डबी संपली की संपली. वरण-भाजीत मीठ घालण्याआधी त्यांचं वेगळं काढून लिंबू, कोकम, आलं, जिरं वापरा. चोरटं मीठ कुठे असतं: खारी, पाव, फरसाण, पापड, लोणचं, सुके बोंबील, ताकातली चिमूट, इनो, खायचा सोडा. सैंधव हेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनवर ते जिवावर बेतू शकतं.

पाणी 129 ला तोडत नाहीत, 125 च्या खाली गेल्यावर विचार करतात. प्रथिनं तोडू नका: किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, आणि झोपण्याआधी काहीतरी खायला द्या.

पारिजात१९:
पुनर्नवा आणि गुळवेलीचा काढा देऊन बघा, पाणी उतरतं.

रानजाई:
नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. निरोगी लिव्हर त्यातून सावरेलही. सिरोसिसमध्ये शिल्लकच थोडी असते.

औदुंबर:
टॅपिंगबद्दल. 5 लिटरच्या वर काढलं तर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यायला हवं. 7 लिटरला 42 ते 56 ग्रॅम; 20 टक्क्यांच्या 100 मिलिच्या बाटलीत 20 ग्रॅम, म्हणजे दोनहून थोड्या जास्त ते जवळपास तीन बाटल्या. महाग आहे म्हणून टाळलं की रक्ताभिसरण कोलमडतं, सोडियम घसरतं आणि पोटही लवकर भरतं.

दर वेळी पाण्याची सेल काउंट (पेशींची मोजणी) मागा. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरमागे 250 किंवा जास्त म्हणजे संसर्ग, त्याच दिवशी अँटिबायोटिक. ताप किंवा पोटदुखी नसली तरी तो असू शकतो. पाण्यातलं अल्ब्युमिन पूर्वी तपासलंय का? रक्तातल्यातून ते वजा करून 1.1 किंवा जास्त उरलं तर कारण पोर्टल प्रेशर, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला वाढलेला दाब. कमी आलं तर टीबी आणि कॅन्सर शोधायचा. आपल्याकडे टीबीसाठी पाण्याची एडीए ही तपासणीही पाठवतात. पाणी अलीकडेच अचानक वाढलं असेल तर डॉपलर सोनोग्राफी करून पोर्टल शिरेत गुठळी किंवा लिव्हरमध्ये गाठ नाही ना ते पाहून घ्या.

कायमची नळी नको. सिरोसिसमध्ये तिच्यातून जंतू आत शिरतात. दुसरा इलाज उरला नसेल तेव्हाच तिचा विचार होतो. टिप्स, म्हणजे लिव्हरच्या आतून शिरांना जोडणारा स्टेंट, निवडक रुग्णांत पाणी खरोखर थांबवतो. आधी गुंगी येऊन गेली असेल, हृदय कमजोर असेल किंवा बिलिरुबिन फार वाढलं असेल तर धोका जास्त. 2.4 वर विचारायला हरकत नाही, सोबत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल.

आणि ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये आत्ताच दाखवा. मेल्ड स्कोअर (लिव्हरच्या आजाराची तीव्रता सांगणारा आकडा) कमी दिसला तरी हट्टी जलोदराचा धोका त्यात पुरता मोजला जात नाही. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव सेंटरमार्फत झेडटीसीसीकडे (अवयवदानाचं विभागीय समन्वय केंद्र) जातं. घरातला दाता असेल तर त्याच्या तपासण्या समांतर सुरू करा.

निवडुंग:
टूडी इको आणि डॉपलर एकाच दिवशी सांगितलंय. खारी आणि ताकातलं मीठ आजपासून बंद. बेंबीजवळ फुगवटा आहे, त्याचं काही करावं लागतं का?

औदुंबर:
हर्निया आहे. पट्टा लावायचा का ते सर्जनला विचारा. वरची कातडी चकचकीत पातळ, निळसर झाली, फोड आला किंवा पाणी झिरपू लागलं तर वाट न पाहता इमर्जन्सीत न्या. झिरपत असेल तर स्वच्छ गॉझ ठेवून आडवं झोपवून न्या.