पीसीएल-५ मध्ये ३६ आले, आता पुढे काय?

रातकिडा
गाडीच्या अपघाताला वर्ष होत आलं. हाडं जुळली, पण मागून ब्रेकचा आवाज आला की अजून दरदरून घाम फुटतो. झोपेचं तर विचारूच नका. काल रात्री नेटवर पीसीएल-५ ही प्रश्नावली सापडली, भरून टाकली. २० प्रश्न, ८० पैकी ३६. ३१ ते ३३ च्या पुढे गेलं तर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार, असू शकतो म्हणे. बायको म्हणते, असले कागद भरून कुणी आजारी ठरतं का? तुम्हाला काय वाटतं?

चकवा
मी आयईएस-आर ही अशीच दुसरी प्रश्नावली भरली होती. तिच्यात २२ प्रश्न आणि हिशोब फक्त गेल्या सात दिवसांचा. आठवडा बरा गेला की आकडा खाली. फार मनावर घेऊ नका.

मीरा_सायको
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, हा फॉर्म रोजचाच. चकवा, ‘मनावर घेऊ नका’ हे काही पटलं नाही. ३६ म्हणजे निदान नव्हे, पण नीट तपासून घ्या एवढं तो आकडा नक्की सांगतो. निदान मुलाखतीतून होतं. कॅप्स-५ ही त्यासाठीचीच मुलाखत; तिथे ‘झोप लागत नाही’ म्हटलं की ‘अपघाताआधी लागायची का?’ असा उलट प्रश्न येतो. कागद उलट प्रश्न विचारत नाही.

बेरीज मी शेवटी बघते. आधी, कुठला प्रसंग मनात धरून भरलंय ते. लोक अपघातापासून सुरुवात करतात आणि निम्म्यात पोचेपर्यंत ऑफिसचा ताणही त्यातच मोजू लागतात. मग प्रश्नांचे गट. प्रश्न १ ते ५ नको असताना येणाऱ्या आठवणींचे, ६-७ टाळण्याचे, ८ ते १४ विचार-भावनांचे, १५ ते २० चिडचिड, दचकणं, झोप यांचे. पीटीएसडीची शंका धरायची तर २ किंवा जास्त गुणांची उत्तरं पहिल्या दोन गटांत किमान एकेक आणि पुढच्या दोन्हींत किमान दोन-दोन हवीत. नुसतं नैराश्य असलं तरी शेवटचे दोन गट फुगतात आणि ३६ होऊन जातात.

उलटंही होतं, आणि ते जास्त फसवं. गाडीपासून चार हात लांब राहिलं तर आठवणी उफाळणार कशाला? माणूस प्रामाणिकपणे ० लिहितो. तुम्ही ७ ला किती दिलेत?

रातकिडा
१. टाळत वगैरे नाही हो, चालवायची वेळच येत नाही. बायकोच चालवते.

मीरा_सायको
अपघाताआधी कोण चालवायचं?

रातकिडा
मीच.

मीरा_सायको
मग भेटीत हे आधी सांगा, ३६ नंतर. भरलेला कागद सोबत न्या, नुसती बेरीज नको. आणि एक, जीव नकोसा वाटतो का हे या विसांत कुठेच विचारलेलं नाही. तसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच कुणाला तरी गाठा.

रातकिडा
नाही, तसं काही नाही. बायकोने आत्ता हे सगळं वाचलं आणि पेन घेऊन ७ पुढचा १ खोडून ३ केला. आता ३८ धरायचे का?

मीरा_सायको
तुमचा १ वाचता येतोय ना? मग राहू दे. तिचा ३ बाजूला, वेगळ्या शाईत. आणि जमलं तर त्यांनाही सोबत न्या.