'स्वामी' परत वाचली आणि यावेळी रडूच आलं नाही

निशिगंधा :
परवा रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' परत काढली, बहुतेक चौथ्यांदा. कॉलेजात असताना थेऊरच्या पानांवर, म्हणजे माधवराव जातात तिथे, ढसाढसा रडले होते, यावेळी तिथेच चिडचिड झाली. भाषा अजून ओढून नेते हं, त्याबद्दल वाद नाही. सोळा वर्षांचा पोरगा, पानिपत नुकतंच झालंय, वडील गेलेत, काका राघोबा टपून बसलाय... 1962 ची कादंबरी पण कुठे शिळी वाटत नाही. पण त्याची बायको रमाबाई? वाट बघतात, काळजी करतात, डोळे पुसतात आणि सती जातात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला चार वाचनांनंतरही सांगता येणार नाही.

जुनापुराणा :
अहो वाट बघणं हाच तर त्यांचा संसार! 1761 ला पेशवाई, 1772 ला थेऊरला शेवट. मधल्या 11 वर्षांत निजामाशी राक्षसभुवनची लढाई, काकाशी आळेगाव नि धोडपच्या, म्हैसूरच्या हैदर अलीवर पुन्हा पुन्हा कर्नाटकात स्वाऱ्या, वर क्षय. लेखकाने प्रेम आणायचं कुठून, मोहिमांच्या फटीतूनच ना. भेट झाल्यावर बोलायचं ढीगभर असतं आणि तोंडातून तब्येतीची चौकशीच निघते, ते अवघडलेपण मला तरी कुठल्याही लव्हस्टोरीपेक्षा भारी वाटतं.

खडूस_वाचक :
मला तर सगळेच एका सुरात बोलतात असं वाटतं, प्रत्येक वाक्य दरबारात म्हटल्यासारखं. नवराबायको एकटे असताना तरी जरा साधं बोलतील की नाही.

निशिगंधा :
@जुनापुराणा अवघडलेपणाला पैकीच्या पैकी. माझा राग शेवटावर आहे. त्याच घरात माधवरावांच्या आई गोपिकाबाई, नवरा नानासाहेब गेले तेव्हा सती गेल्या नाहीत, उलट कारभारात लक्ष घालत राहिल्या. चुलती पार्वतीबाईंनी तर आपला नवरा भाऊसाहेब पानिपतात गेले हेच मानलं नाही, कुंकू लावत राहिल्या. म्हणजे रमाबाईंच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या बायका होत्या, तरी त्यांनी चिता का धरली? कादंबरीकाराला खरं खोदायला जागा इथे होती आणि आपल्या हातात येतं ते नुसतं तेजाचं वलय.

जुनापुराणा :
आजचा चष्मा लावताय. मूलबाळ नाही, मागे राहून करायचं काय होतं? वर्ष उलटायच्या आत शनिवारवाड्यात धाकट्या दिराचा, नारायणरावाचा खून झाला, अशा घरात एकट्या बाईचे काय हाल झाले असते विचार करा.

निशिगंधा :
चष्मा आजचा कसा, गोपिकाबाई पण अठराव्या शतकातल्याच की! आणि हे जे तुम्ही दोन ओळींत लिहिलंत ना, मूल नाही, घरात हे असं वातावरण, तेच रमाबाईंना एका रात्री जागं ठेवून विचार करताना दाखवलं असतं तर मी आज भांडलेच नसते.

जुनापुराणा :
गोपिकाबाईंचा मुद्दा लागला, मान्य. माझ्या प्रतीत थेऊरची पानं सुटी झालीयेत, आईने दोऱ्याने शिवून ठेवलीयेत, आज रात्री परत वाचतो. रडू आलं तर मात्र तुमचं काही ऐकणार नाही.